डाव्या भुवईवरची रेघ

माझ्या नाकावर राग असतो असं सगळं नाचणगाव म्हणतं, आणि ते खोटं नाही. प्रेसवर कुणी ओल्या कागदाला बोट लावलं, किंवा ‘बाई, याची झेरॉक्स मारली त नाई जमत का’ असं विचारलं, की माझा आवाज चढतो. शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा पोरं घाबरायची, आता मोठी माणसं घाबरतात. आणि तरी मी आयुष्यात एकदा जाणूनबुजून चुकीचं चित्र छापलं आणि ते बावीस घरांच्या भिंतींवर जाऊ दिलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मी मुद्राचित्रं करते. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात ठेवायचा. जिथलं मेण सुईने निघालं तिथे आम्ल धातू खात जातं. मग त्या खाचांत शाई भरायची, वरवरची शाई पुसून घ्यायची, ओला कागद ठेवायचा आणि प्रेसच्या रुळाखालून काढायचा. पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं उतरतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. म्हणून चित्र आधी उलटं करून मगच पत्र्यावर घ्यायचं असतं. हे या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात.

प्रेस इतकी जड, की घरात ठेवली असती तर फरशी खचली असती. पुलगावच्या रस्त्यावर एका व्यापाऱ्याचं सरकी-ढेपेचं गोदाम आहे, त्याने त्याचा अर्धा भाग मला देऊन टाकला. का दिला हे त्यालाही सांगता येत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो येऊन माझी थट्टा करतो आणि हवं तेव्हा प्रेसचं चाक फिरवतो, एवढंच. हळूहळू अशी मदत करणारी बावीस घरं जमली. शाई पुसायला वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं सुती कापड लागतं, नवं कापड शाई पीत नाही. म्हणून बायका जुनी लुगडी आणून देतात, शिंपी चिंध्या देतो, कुणी ज्वारी देतं, कुणी नुसतं हाताशी येतं. त्याच्या बदल्यात आमचा एक रिवाज पडला आहे. दरवर्षी पाळीने एका घराने सांगायचं, मी ते चित्र काढायचं, आणि त्याची एकेक छाप बावीसही घरांत जायची. त्यामुळे इथे कुणाची बैलजोडी कुणाच्या माजघरात टांगलेली असते आणि कुणाची विहीर कुणाच्या दुकानात.

मी ते चुकीचं चित्र छापलं त्या वर्षी पाळी एका बाईची होती. गल्लीच्या टोकाला घर, थोडी कपाशी, घरात सासू आणि धाकटा दीर. तिचा नवरा त्याच्या तीन वर्षं आधी एका दुपारी जेवला, ‘आलोच’ म्हणून निघाला आणि आला नाही. मोटरसायकल पुलगावच्या स्टेशनबाहेर सापडली, किल्ली लावलेली. भांडण नाही, तंटा नाही, चिठ्ठी नाही. ती दरवर्षी लुगडी घेऊन यायची, नीट घड्या घालून, आणि कपाळावर कुंकू ठसठशीत असायचं.

मला वाटलं, ती घरचं देवघर काढायला सांगेल. ती म्हणाली, “ताई, यायचा चेहरा काढजो.” म्हणजे नवऱ्याचा.

गोदामवाला तिथेच होता. त्याने जरा चाचरत सांगितलं, की भिंतीवर माणसाचा चेहरा गेल्यावरच टांगतात, जित्या माणसाचा कोण टांगतं. ती म्हणाली की कुणी हार घालायचा नाही, एवढंच सगळ्यांना सांगून ठेवा. मी फोटो मागून घेतला. रिवाज होता, पाळी तिची होती.

फोटो एकच होता कामाचा. लग्नातले होते, पण ते जुने, भुवईवरच्या व्रणाच्या आधीचे. गायब होण्याच्या दोनेक वर्षं आधी थ्रेशरचा पट्टा तुटून त्याच्या भुवईवर लागला होता आणि तिथे चांगली बोटभर खूण राहिली होती. त्यानंतरचा फोटो म्हणजे त्याने स्वतःच मोबाईल समोर धरून काढलेला, शेतातल्या गोठ्यापुढचा. दिराने हरवल्याची जी पत्रकं छापली ती त्याच फोटोवरून. देवळी, आर्वी, वर्धा, समुद्रपूर, सगळ्या बसस्टँडांवर ती चिकटवली होती. खाली लिहिलं होतं, उजव्या भुवईवर व्रण.

वैशाखात मी तो चेहरा काढायला घेतला. आमच्याकडे वैशाखाच्या दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. गोदामाचं शटर अर्धं ओढलेलं, आत ढेपेचा आंबूस वास आणि पोत्यांमध्ये उंदरांची खसखस. एवढ्या वर्षांत त्या जागेची मला कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवसांत मात्र सुई चालवताना मी मधूनमधून मागे वळून बघत होते. मागे पोत्यांच्या थप्प्यांशिवाय काही नसायचं. पुन्हा पत्र्याकडे वळले की वाटायचं, मी वळले तेवढ्यात याने डोळे हलवले. मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, आणि तरी एकदा पत्र्यावर फडकं टाकून मी बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले.

या सगळ्यात मी ती चूक केली. फोटो उलटा करून घ्यायचा विसरले आणि जसा समोर दिसत होता तसाच सरळ पत्र्यावर काढला. तीस वर्षं हे काम करणाऱ्या बाईने. बैलजोडीत आणि विहिरीत डावं-उजवं कुणी पाहत नाही, त्याने हात सैल पडला असेल. का कोण जाणे, पण माझं लक्ष त्याच्या डोळ्यांतून निघत नव्हतं.

पहिली छाप काढली तेव्हा चाक गोदामवाला फिरवत होता. मी कागद कोपऱ्यातून धरून सावकाश उचलला. तो रोज काहीतरी चिडवतो, त्या दिवशी नाही. कागदाजवळ वाकून हळूच म्हणाला, “थोच हाय. पन थो नाई.” मग जाताना त्याने छापेवर एक रिकामं पोतं पसरून ठेवलं. उघडं नका ठेवू म्हणाला.

पुढच्या तीन दिवसांत जो आला त्याचं हेच. त्याच्याबरोबर शाळेत गेलेला एकजण तर आत पाऊल टाकून परत फिरला. एका बाईने सांगितलं, की कुणी दुसराच त्याचा चेहरा घालून आला आहे असं वाटतं. मलाही तसंच वाटायचं. नाक तेच, ओठ तेच, आणि तरी सगळं मिळून परकं. तिसऱ्या दिवशी मी फोटो शेजारी ठेवला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोटोत व्रण उजव्या भुवईवर होता, छापेत डाव्या. अख्खा चेहरा उलटा उतरला होता. मी स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या, नवा पत्रा काढून ठेवला आणि तिला निरोप धाडला, की उशीर होईल, माझ्या हातून बिघडलं आहे.

ती निरोप मिळताच आली. बिघडलेलंच दाखवा म्हणाली. मी पोतं बाजूला केलं. ती उभी होती ती खाली बसली आणि पदर तोंडावर धरून पाहत राहिली. रडली नाही. “हेच,” ती म्हणाली. “हे असेच होते.” मी तिला समजावलं, की हे उलटं आहे, चूक माझी आहे, फोटो बघ. तिने फोटोकडे पाहिलं नाही. पत्रा मोडू नका एवढं सांगून ती गेली. वाट पाहून पाहून हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं मला वाटलं, आणि मला तिची दया आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिंपी चिंध्यांचं गाठोडं घेऊन आला. टेबलावर फोटो आणि छाप शेजारी पडलेले होते. त्याने दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाला, की बाई, तुमची छाप बरोबर आहे, फोटो उलटा आहे. मी त्याला झापलं. त्याने शांतपणे फोटोवर बोट ठेवलं.

“हा शर्ट म्या शिवला. खिसा डाव्या अंगाले असते. इथं कोनत्या अंगाले हाय, पाहा.”

फोटोत खिसा उजवीकडे होता. गुंड्यांची पट्टीही उलट्या बाजूने आलेली. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो काही मोबाईल आरशात दिसतो तसाच ठेवतात. आरशातला माणूस सगळ्यांनी पत्रकावर पाहिला होता, आणि तीन वर्षांत तोच त्यांना खरा वाटायला लागला होता. मी उलट्याचं उलटं केलं आणि कागदावर खरा माणूस उतरला. शिंप्याला भारी मजा वाटली. बाईंनी चूक केली आणि तीच बरोबर निघाली, असं म्हणत तो हसत गेला.

मला हसू आलं नाही. त्याची पाठ वळली आणि मी छाप पुन्हा उजेडात धरली.

त्याला जाऊन आठ महिने झाले असतील तेव्हाची एक सकाळ मला आठवली. त्या खेपेला मीच लुगडी आणायला त्यांच्या घरी गेले होते. सासू दाराजवळच्या खाटेवर बसून तुरी निवडत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, निवडते ती हातानेच. तेवढ्यात दिराचा फोन वाजला. लांबच्या एका पोलीस ठाण्यातून होता. तिथल्या कालव्यात एक माणूस सापडला होता. उंची जुळत होती, वय जुळत होतं. त्यांनी फोटो पाठवला. मी तो पाहिला आणि लगेच मान फिरवली. बरेच दिवस पाण्यात राहिलेला चेहरा, त्यात कुणाचंच काही ओळखू येण्यासारखं उरलं नव्हतं. फक्त भुवईवरचा व्रण स्पष्ट होता. डाव्या भुवईवरचा.

दिराने ‘याच्या त डाव्या बाजूले हाय’ म्हणत घाईघाईने पत्रक काढून पाहिलं. तरी त्याने तिला विचारलं, “वहिनी, उजव्या बाजूले होता न?”

“उजव्याच,” ती म्हणाली.

तो आपला नाही, असं दिराने फोनवर सांगून टाकलं. घरात सगळे हलके झाले. तिने चहा केला. मीही तो प्याले, आणि बरं झालं म्हणाले. त्या माणसाला बेवारस म्हणून जाळलं असणार. कुणाला दोष देता? आपल्या सख्ख्या भावाच्या कोणत्या गालावर तीळ आहे, हे फोटो न पाहता पटकन सांगा बरं.

मी गोदामात बसून राहिले. समोर छाप होती आणि तो माझ्याकडे पाहत होता. आता तो परका वाटत नव्हता, हेच जास्त वाईट होतं. जे बावीस घरांत कुणाला माहीत नाही ते मला आणि या कागदाला माहीत आहे, असं वाटत राहिलं. तिला सांगणं भाग होतं. तीन वर्षं ती कुंकू लावून दाराशी वाट पाहत होती. आणखी तीस वर्षं तसंच बसू द्यायचं, हे मला जमणारं नव्हतं.

उन्हं उतरल्यावर मी गेले. ती मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या रचत होती. मी इकडचं तिकडचं बोलले नाही, मला ते येत नाही. मोबाईलचं सांगितलं, खिशाचं सांगितलं, आणि कालव्यातल्या माणसापाशी येऊन थांबले. ती मोळी खाली ठेवून माझ्याकडे पाहत होती, मीच रडणार आहे की काय अशा काळजीने.

“मले मालूम हाय, ताई,” ती म्हणाली. “तवाच मालूम होतं.”

मग तिने सांगितलं, सरळ, खालच्या आवाजात. सोळा वर्षं ती त्याच्या डाव्या अंगाला झोपत होती. रोज सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा तीच भुवई दिसायची. दिराने फोटो पुढे केला तेव्हा तिने एका नजरेत ओळखलं. तोंडातून ‘डाव्या’ निघणारच होतं, तेवढ्यात तिने खाटेकडे पाहिलं. सासूचे हात तुरीच्या सुपात थांबले होते. लेक गेला हे कानावर पडलं असतं तर म्हातारी तिथेच संपली असती. म्हणून ती उजव्याच म्हणाली. एकदा म्हटल्यावर मागे घ्यायची सोय राहिली नाही. कुंकू लावते ते त्याच्यासाठी नाही, म्हातारीसाठी. तिला दिसत नाही, पण ती रोज सकाळी सुनेच्या कपाळाला हात लावून पाहते.

एवढं सांगून तिने मागितलं ते असं, की छापेत व्रण उजवीकडे न्या. पत्रकाशी जुळला नाही तर लोक बोलतील, शिंप्याने आताच सुरुवात केली असेल. दिराच्या ध्यानात येईल, आणि मग म्हातारीच्या कानावर जायला वेळ लागणार नाही. “बुढी हाय तवर,” ती म्हणाली. “मंग मी सोता सांगीन सगळ्याले.”

मी असं काम कधी केलं नव्हतं. पण खरा उतरलेला माणूस बिघडवायला मी बसले. पत्र्यावरची ती रेघ खरवडणीने खरवडली, घोटून घोटून सपाट केली, पुन्हा मेण दिलं आणि दुसऱ्या भुवईवर नवी रेघ काढून आम्लाला चांगली खोल खाऊ दिली. आमच्या कामात खोल गेलेली रेघ कितीही घोटली तरी पुरती जात नाही, तिची पुसट सावली येतेच. मी बावीस छापा काढल्या आणि प्रत्येकीत ती सावली आली. पाहणाऱ्याला कागदाचा डाग वाटावा एवढीच. लोकांनी आता बरोबर आहे म्हणून मान डोलावली. गोदामवाल्याने पोतं परत नेलं. शिंप्याने छाप दुकानात लावताना व्रणाकडे पाहिलं, मग खिशाकडे, मग माझ्याकडे, आणि टेप गळ्यात टाकून मशीनवर बसला. त्याने पुन्हा कधी त्या गोष्टीवरून मला चिडवलं नाही. पहिली, न बिघडवलेली छाप तिने नेली. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

त्यांच्या घरची छाप द्यायला मी स्वतः गेले. ती चहा टाकायला आत गेली, दीर शेतात होता. म्हातारी खाटेवर होती. पोराला माझ्या हातात दे म्हणाली. मी कागद तिच्या मांडीवर ठेवला. अशा छापेत रेघा कागदावर किंचित उठून येतात, आपल्याला ते जाणवत नाही, पण तिचं सगळं पाहणं बोटांतच होतं. तिने कपाळापासून सुरुवात केली. उजव्या भुवईवर मी काढलेली ठळक नवी रेघ तिच्या बोटाखाली आली. त्या रेघेवरून ती तशीच पुढे गेली. नाकावरून पलीकडे गेली, आणि डाव्या भुवईवर, मी घोटून सपाट केलेल्या जागी, बोट थांबलं. ते तिथून हलेना. बाहेर ऊन रणरणत होतं, आत स्टोव्हचा आवाज येत होता, आणि मला वाटलं, आता ही बोट उचलेल तर खाली कातडी असेल.

“म्या हळद भरली होती याच्यात,” म्हातारी पुटपुटली. “इथंच.”

तिने चेहरा आतल्या दाराकडे वळवला, कानोसा घेतला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

“त्या दिसी सून उजव्या म्हनली, म्या चूप राह्यली. तिच्या ध्यानात नाई राह्यलं. तिले वाटते, थो हाय. वाटू दे तिले, पोरगी मरून जाईन नाई त. तिले सांगजो नोको.”

मी नाही सांगत म्हणाले. तेवढ्यात चहा आला. ती खाली बसली आणि सासूच्या मांडीवरचा कागद उचलून तिने कडेला उभा केला. आम्ही तिघींनी चहा घेतला. साखर कमी झाली का, म्हणून म्हातारीने विचारलं.

म्हातारी अजून आहे. मी महिन्यातून एकदा जाते. दोघी ओसरीवर समोरासमोर बसलेल्या असतात, आणि तो आल्यावर काय करायचं याच्या गोष्टी चाललेल्या असतात. कुठे बोअर मारायचा, कोणत्या बाजूला गोठा वाढवायचा. एक बोलते, दुसरी भर घालते. कुणीच अडखळत नाही. मला त्या दोघींच्या मध्ये बसवतात. कितीदा वाटलं, दोघींना धरून एकदाचं सांगून टाकावं, म्हणजे दोघी गळ्यात गळा घालून रडतील तरी. मग वाटतं, जी गोष्ट दोघी एकमेकींसाठी उचलून धरून बसल्या आहेत, ती खाली ठेवायला सांगणारी मी कोण.

परवा म्हातारीने मला विचारलं, थो आल्यावर त्याले हे चित्र आवडन का. सून शेजारीच होती. तिचे हात थांबले नाहीत, पण तिने माझ्याकडे पाहिलं.

आवडेल, मी म्हणाले. का नाही आवडणार.